ज्युलीचं पातेलं आणि तुमची माळ

आबा, शेवटच्या प्रवासाला तुमच्या गळ्यात जी माळ होती, ती तुमची नव्हती. ती बापूतात्यांची होती. तुमची माळ अजून गोठ्यात आहे. चुलीच्या वरच्या खिळ्याला तुम्ही त्या सकाळी अडकवलीत, तिथेच.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी बोलावं, मन हलकं होतं. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी लिहीत नाही. जे झालं ते निदान तुम्हाला तरी खरं कळावं, एवढंच. तुमच्यामागे या घरात खोटं बोलणारी मी निघाले, तुमची सून, जिला तुम्ही चारचौघांत "लई शिकल्याली हाय आमची पोरगी" म्हणायचात. आता तो शब्द आठवला की मला तोंड लपवावंसं वाटतं.

माझे पप्पा गेले आणि वालचंदनगरचं कंपनीचं क्वार्टर रिकामं करावं लागलं, तेव्हा टेम्पोत पप्पांचं कपाट, शिलाई मशीन आणि ज्युली अशा तीन गोष्टी पणदऱ्याला आल्या. कपाट आणि मशीन आईंनी लगेच आत घेतलं. ज्युली खाली उतरली, तिने अंगणभर शेपटी हलवली, आणि आई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "हे बी आलं व्हय?"

तुम्ही गोठ्यातून आलात, हात पुसलेत आणि तिच्यासमोर खाली बसलात. लॅब्रेडोर जातीची कुत्री तुम्ही पहिल्यांदाच जवळून बघत होतात. "केवढं थोराड हाय," म्हणालात. मग आईंकडे बघून म्हणालात, "मुकं जनावर हाय. बाप गेलाय तिचा. ऱ्हाऊ दे." तिचा बाप. मला त्या दिवसांत सगळे माझ्या बापाबद्दल बोलत होते, ज्युलीचाही तो बाप होता हे फक्त तुम्ही बोललात. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते.

पण अट तुम्ही घातलीतच. "ह्या घरात माळ हाय. हिला हितलंच खावं लागंल."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. पप्पांकडे ज्युलीला रोज अंडं असायचं, रविवारी आमच्या ताटातलं मटण असायचं. तुमच्याकडे दूधभाकरी. मी एमआयडीसीतल्या डेअरीत प्रयोगशाळेत काम करते, दुधातलं फॅट आणि भेसळ तपासते, त्यामुळे कुठल्याही पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी बारामतीतून कुत्र्यांच्या खाण्याची पिशवी आणली. तुम्ही ती फोडलीत, मूठभर दाणे तळहातावर घेतलेत, वास घेतलात, आणि दोन दाणे पाण्याच्या पेल्यात टाकून ते फुगेपर्यंत तिथेच बसून राहिलात.

"ही गोळी पेंड हाय. आमच्या गाईंची अन् हिची येकच."

"आबा, यात सगळं मोजून घातलेलं असतं."

"काय काय घातलंय वाच की."

मी वाचलं. आधी मका, मग गव्हाचा कोंडा, मग मांस आणि मांसापासूनचे पदार्थ, मग रंग.

"कशाचं मांस?"

"लिहिलेलं नाही."

"मंग? गाईच्या पेंडीत बी असंच असतंय. सरकी लिवत्यात अन् भुसा घालत्यात. म्हणून मी घरी भरडतुया. कुत्रीला रंग कशाला लागतुया?"

मी पिशवीचं तोंड मिटवलं. पण गप्प बसेन तर मी कसली. मी म्हटलं, "आणि तुमच्या दूधभाकरीत काय आहे? तिला प्रथिनं लागतात."

"आमच्या घरात समदी दूधभाकरीवरच वाढली."

"ती माणसं होती, आबा."

रोज संध्याकाळी हे. मी स्कूटी लावून पदर खोचेपर्यंत तुमचं काहीतरी नवीन तयार असायचं. आज नाचणी घातली, आज शेंगदाण्याचं कूट घातलं, आज तूप वाढवलं. शेजारच्यांना वाटायचं, सून आणि सासरा जमिनीच्या वाटणीवरून भांडतात. तुमचा लेक संतोष म्हणायचा, वाटणीवरून भांडला असता तर मिटलं तरी असतं.

एकादशीला तर तुम्ही कहर करायचात. ज्युलीलाही उपास. साबुदाण्याची खिचडी, भगर, केळं. मी हसून विचारलं, "आबा, हिने माळ कधी घातली?" तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "घरातलं जनावर घरासारखं ऱ्हातं." ज्युलीने खिचडी चाटूनपुसून खाल्ली आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की निकाल लागला. तिच्या जातीला समोर येईल ते खायची खोडच असते, तिने खाल्लं म्हणजे ते तिच्यासाठी चांगलं असं नव्हे, हे मी सांगत राहिले. तिची कांती गेली होती, पाठीचं हाड हाताला लागत होतं. तुम्ही तूप आणखी वाढवलंत.

मग इंदापूरच्या आत्याबाईंकडून बेदाणे आले. तुमच्या बहिणीच्या मळ्यातले, सावलीत वाळवलेले, हिरवट, मोठे. तुम्ही रोज सकाळी पूजा झाली की मूठभर बेदाणे खायचात आणि मूठभर ज्युलीला द्यायचात. ती तुमच्या तळहातावरून एकेक उचलायची. मी कामावर निघताना ते रोज बघत होते. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणारी मी, तुमच्या तळहातावर काय आहे याची मला शंकाही आली नाही. उलट वाटायचं, चला, भाकरीपेक्षा बरं.

ज्युलीला उलट्या सुरू झाल्या. मग तिने लघवी करणंच सोडलं. संतोषच्या पिकअपमध्ये मागे गोणपाट टाकून तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसलात, आणि आपण बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. काय काय खायला देता, त्यांनी विचारलं. तुम्ही अभिमानाने सांगायला लागलात. दूध, भाकरी, घरचं तूप, नाचणी, बेदाणे. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"बेदाणे देता? रोज?"

"व्हय. आमच्या भनीच्या मळ्यातलं. औषिध मारल्यालं न्हाय."

"औषधाचा प्रश्न नाही. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात. मूत्रपिंडं निकामी करतात."

तुम्ही टोपी सारखी केलीत. मग म्हणालात, "पर ते तर उपासाला चालत्यात, डाक्टर."

तुम्ही टोपी काढलीत आणि टोपीनेच तोंड पुसलंत. ज्युली टेबलावर सलाईन लावून पडली होती आणि तुमच्याकडेच बघत होती. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलात आणि परत घेतलात.

ती जगली. बऱ्याच फेऱ्या झाल्या, पण जगली. तिला घरी आणताना पणदरे फाट्यापर्यंत तुम्ही मागच्या काचेतून तिच्याकडेच बघत होतात. फाट्यावर म्हणालात, "पोरी, तुझं बराबर हुतं."

खरं तर माझं कुठे बरोबर होतं? बेदाण्यांचं मलाही माहीत नव्हतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, आबा, आपण दोघंही चुकलो. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला आनंद झाला होता. एवढी वर्षं ज्या माणसाशी वाद घातला तो हरला म्हणून बरं वाटलं होतं. ज्युली मागे धापा टाकत होती, तुमचा चेहरा उतरला होता, आणि मी मनातल्या मनात जिंकले होते. माझ्या लाजेची सुरुवात तिथून आहे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, यापुढे तिची मूत्रपिंडं अर्धीच काम करतील, जेवण जपून निवडा. तुम्ही एकेक विचारत होतात. पनीर चालंल? नको. डाळ? नको. सोयाबीन? जड पडेल. "मंग काय चालंल?" अंड्याचा पांढरा भाग, म्हणाले डॉक्टर, तिच्यासाठी तेच सगळ्यात हलकं. जोडीला थोडं उकडलेलं चिकन, भात, दुधी. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही.

मी म्हटलं, मी सकाळी करून जात जाईन. तुम्ही मान हलवलीत. "बेदाणं मी चारलं. रांधणार बी मीच."

"आबा, तुमच्या गळ्यात माळ आहे."

"ठाव हाय."

गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात, गाईंच्या पाण्याच्या टाकीपलीकडे, तुम्ही विटांची चूल मांडलीत. पहिल्या दिवशी मी तुम्हाला अंडं कसं उकडतात ते दाखवायला आले. अख्ख्या आयुष्यात तुम्ही अंडं हातात धरलं नव्हतं. दोन्ही हातांत घेतलंत आणि म्हणालात, "जड हाय की गं." मग ते खाली ठेवलंत, माझ्याकडे पाठ केलीत, आणि तुमचे हात गळ्याशी गेले. तिथे ते थांबले. मला मागून फक्त तुमची कोपरं दिसत होती. ती माळ तुम्ही मिसरूड फुटायच्या आधीपासून घालत होतात. आजारपणात, ऑपरेशनलाही तुम्ही ती काढू दिली नव्हती, डॉक्टरांशी भांडला होतात.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, राहू द्या आबा, मी करते. मी घड्याळ बघितलं. माझी शिफ्ट होती.

तुम्ही माळ काढून खिळ्याला अडकवलीत. त्या दिवसापासून रोज तेच. माळ खिळ्याला, पातेलं चुलीवर. ज्युलीचं खाऊन झालं की पातेलं राखेने घासायचं, गाईंच्या नळाखाली डोक्यावरून अंघोळ करायची, मग माळ. थंडीतसुद्धा गार पाण्याने. मी एकदा म्हटलं, घालूनच करा की, शिजवणं म्हणजे खाणं नव्हे, कुठल्या देवाला राग येणार आहे? तुम्ही म्हणालात, "काढून करतुया म्हंजी मी काय करतुया ते मला ठाव असतंय. घालून केलं, तर मी मलाच फशिवलं." हा वाद आपला शेवटपर्यंत राहिला. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. पण मला हेही कळतं की मी सोयीचं बोलत होते. तुम्ही माळ घालून केलं असतं तर मला बघताना त्रास झाला नसता, एवढंच माझं म्हणणं होतं.

आईंना सांगायचं नाही, असं ठरलं. "तिला सहन व्हायचं न्हाय," म्हणालात. आईंना वाटायचं, अंडी मी पहाटे उकडून ठेवून जाते आणि तुम्ही फक्त पुढ्यात ठेवता. त्यावरून मी किती बोलणी खाल्ली. "माळकऱ्याच्या दारात अंडी शिजत्यात, माझ्या मायबापानं असं कधी बघितलं न्हाय." तुम्ही समोर बसून नुसती ताकाची वाटी फिरवत राहायचात. मला राग यायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटीची सीट पुसलेली असायची आणि आरसा लख्ख असायचा. माफी मागायची तुमची तीच पद्धत होती. मी कधी कळल्याचं दाखवलं नाही.

त्या पातेल्यात तुम्ही जीव ओतलात. अंडं आधी पाण्याच्या बादलीत सोडायचं, तरंगलं तर टाकून द्यायचं. दुधी वेलावरचा, कोवळा, नखाने टोचून बघितलेला. चिकन संतोष काळ्या पिशवीतून आणायचा. ती पिशवी उघडताना तुम्ही तोंड बाजूला करायचात, पण तुकडे मात्र स्वतः मोडायचात, बारीक हाड राहू नये म्हणून बोटांनी चाचपून. एकदा मला विचारलंत, "बिनमिठाचं तिला कसं लागत असंल गं?" आणि दुसऱ्या दिवशी आईंना सांगितलंत, आजपासून माझ्या भाजीत मीठ नको. आईंना वाटलं, तुम्हाला ब्लडप्रेशर निघालं आणि आम्ही लपवतोय. दोन जेवणं तुम्ही तशीच केलीत. मग मला हळूच म्हणालात, "काय बी लागत न्हाय. पर ती खाती बिचारी." मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

अजून एक तुम्ही विचारलं होतं. पातेलं उतरवून अंघोळीला निघाला होतात, हात ओले होते, माळ अजून खिळ्यालाच होती. "पोरी, माळ काढलेली असताना मानूस गेला, तर कसं हुतं गं?" मी स्कूटीची चावी शोधत होते. म्हटलं, "काही होत नाही आबा, देवाला एवढा वेळ कुठाय." तुम्ही मला बरं वाटावं म्हणून हसलात. तो विनोदाचा प्रश्न नव्हता. माझ्याशिवाय तो तुम्ही कुणाला विचारू शकत नव्हतात, कारण माझ्याशिवाय आणि संतोषशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. त्याचं मी काय उत्तर दिलं, ते आता रोज आठवतं.

आणि तसंच झालं. संतोष धार काढून दूध घालायला गेला होता. परत आला तेव्हा तुम्ही चुलीशेजारी आडवे होतात, ज्युली तुमच्या छातीवर डोकं ठेवून होती, आणि पातेल्यातलं पाणी आटून अंडी तडकली होती. त्याने तुम्हाला उचलून बारामतीला नेलं. मी कामावरून तशीच पांढऱ्या कोटात हॉस्पिटलात आले. डॉक्टरांनी आधीच मान हलवली होती. संतोष माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माळ गोठ्यात ऱ्हायली." वडील गेल्यावर तो माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते होतं.

तुम्हाला घरी आणलं, तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. भजनी मंडळ आलं होतं, टाळ आले होते. बापूतात्या, तुमच्याबरोबर लहानपणी एकाच दिवशी माळ घातलेले, तुमच्या उशाशी बसले. त्यांनी तुमचा सदरा सरळ केला, गळ्यावर हात फिरवला आणि वर बघितलं.

"माळ कुठंय?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. संतोषने खाली बघितलं. संतोषला बोलता येणार नाही हे मला दिसत होतं, आणि कुणीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हॉस्पिटलमध्ये तपासताना काढली, तात्या. तिथेच कुठेतरी हरवली."

किती सहज आलं तोंडातून. अंगणात माणसं हळहळली. हॉस्पिटलवाल्यांना कुणी दोन शब्द ऐकवले. बापूतात्यांनी स्वतःच्या गळ्यातली माळ काढली आणि तुमच्या गळ्यात घातली. गळ्यात माळ नसताना ते अन्नाला शिवत नाहीत, हे मला नंतर आईंनी सांगितलं. नवी माळ मिळून ती विधीने घालेपर्यंत त्या म्हाताऱ्या माणसाने अन्न घेतलं नाही. तुमच्यासाठी नव्हे, आबा. माझ्या खोट्यासाठी.

मी खोटं का बोलले ते मी स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगून बघितलं. तुमची अब्रू राखायला बोलले. आईंना धक्का बसू नये म्हणून बोलले. ही कारणं खोटी नाहीत. पण सगळ्यांत आधी माझ्या मनात आलं ते हे, की लोक म्हणतील, वालचंदनगरची सून आली आणि तिच्या कुत्रीपायी आबांची माळ सुटली. मला माझंच तोंड वाचवायचं होतं.

मग सुतक. घरात पै-पाहुणे, सगळे माळकरी. शेजारून पिठलं-भाकरी यायची. गोठ्यातली चूल पेटवायची माझी हिंमत झाली नाही. ज्युलीसमोर पिठलं पडायचं, लसणीचं, मिठाचं, कुणी पाहुणी कौतुकाने शिऱ्याचा गोळा टाकायची. ज्या गोष्टी तुम्ही तिच्यापासून जपून दूर ठेवल्यात त्या सगळ्या तिच्या पुढ्यात येत होत्या आणि मी चहाचे कप विसळत होते. नंतर तिने तेही सोडलं. ती गोठ्यात चुलीजवळ जाऊन पडायची, खिळ्याखाली. परत उलट्या सुरू झाल्या. मी रात्रंदिवस स्वतःला सांगत होते, दहावा होऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग बघू.

दहाव्याला नदीवर प्रवचन झालं, मग भाषणं झाली. कारखान्याचे बोलले, सोसायटीचे बोलले. शेवटी बापूतात्या उभे राहिले. म्हणाले, "आबानं माळ घातली ती घातली. आजारात काढली न्हाय, दवाखान्यात काढली न्हाय. मेल्यावर लोकांनी काढली, ती गोष्ट निराळी." माणसं माना डोलवत होती. मी बायकांमध्ये पदर कपाळापर्यंत ओढून बसले होते. मला वाटलं, तुम्ही हे ऐकत असाल तर तुमचं काय होत असेल. जो माणूस स्वतःला फसवायला तयार नव्हता, त्याच्या नावाने सगळ्या गावाला फसवणं चाललं होतं, आणि ते मी सुरू केलं होतं.

काल पाहुणे गेले. आज सकाळी मी कामावर गेले नाही. गोठ्यात गेले. तडकलेल्या अंड्यांचं पातेलं संतोषने पेंडीच्या पोत्यामागे लपवलं होतं, ते काढलं, राखेने घासलं. अंडी बादलीत सोडली. एक तरंगलं, टाकून दिलं. दुधी नखाने टोचून बघितला. चूल पेटवली. ज्युलीने मान वर केली.

बापूतात्या रोज सकाळी आईंजवळ बसायला येतात. त्यांची चप्पल वाजली तेव्हा मला पातेल्यावर झाकण टाकता आलं असतं. मी टाकलं नाही. ते गोठ्याच्या तोंडाशी थांबले.

"काय शिजतंय पोरी?"

"अंडी, तात्या. ज्युलीला."

"आबाच्या गोठ्यात?"

"आबाच शिजवायचे. रोज. ही त्यांचीच चूल आहे."

त्यांना कळलं नाही. मग त्यांची नजर वर गेली. खिळ्याकडे. तुमची माळ त्यांनी लगेच ओळखली. तिच्यातला एक मणी तुटून बदललेला आहे, तो त्यांनीच ओवला होता म्हणे.

मी सगळं सांगितलं. बेदाणे, डॉक्टर, रोज माळ काढणं, गार पाण्याची अंघोळ. हॉस्पिटलचं मी खोटं बोलले हे सांगितलं. शेवटी त्यांचा हात त्यांच्या नव्या माळेवर गेला.

"मी माझी माळ दिली त्याला," ते म्हणाले. "अन् त्यानं सोताच्या हातानं काढून ठेवल्याली हुती."

"हो, तात्या."

"मला सांगायचं हुतं त्यानं. मी काय त्याला वाळीत टाकला असता व्हय?"

मला वाटतं, टाकलं असतं, आबा. निदान मंडळातून तरी. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. काठी टेकत निघून गेले. चहा नको म्हणाले. उद्या येतील का, मला ठाऊक नाही. गावात सांगतील का, तेही नाही. सांगितलं तर मी नाही म्हणणार नाही, एवढं ठरवलं आहे.

वळले तर दारात आई उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. सगळं ऐकलं होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. मी पुढे काही बोलणार तर त्यांनी हाताने थांबवलं.

"एवढी वर्सं तुला बोलत हुते मी," त्या म्हणाल्या. "अन् ते समोर बसून ताक पीत हुतं."

रडतात की चिडतात ते कळेना. त्या आत आल्या. इतक्या वर्षांत या कोपऱ्यात त्या कधी आल्या नव्हत्या. पातेल्याकडे त्यांनी बघितलं नाही, नाकाला पदर लावला आणि खिळ्यापाशी गेल्या. माळ काढली. मला वाटलं, आता देवघरात नेतील, नाहीतर नदीला. त्यांनी पदराच्या टोकाने एकेक मणी पुसला. चुलीच्या धुराने सगळे काळे पडले होते. माझ्याकडे बघून विचारलं, "रोज हितंच असायची?"

"शिजेपर्यंत. मग अंघोळ करून घालायचे."

आईंनी पातेल्यात वाकून बघितलं. पाण्याला नुकती उकळी फुटत होती. त्यांनी माळ परत खिळ्याला अडकवली आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या.

"मंग असू दे हितंच," त्या म्हणाल्या. "शिजतंय न्हवं अजून."